गुंठा १०८९ चौरस फुटांचाच का? आणि हिंगणघाटची ती कबर

प्रश्न असा आला आहे: इतिहासातली एखादी खरीखुरी अजब गोष्ट सांगा, पण राजवाड्यातली नको, आमच्या वावरात, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), कागदात आजही हाताला लागेल अशी सांगा. शेतमोजणीइतकं चांगलं उत्तर याला दुसरं नाही.

सुरुवात गावच्या क्रिकेटच्या मैदानापासून करा. पिचची लांबी एका स्टंपापासून दुसऱ्या स्टंपापर्यंत २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. हा आकडा खेळातून आलेला नाही. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणित्यानं १६२० मध्ये जमीन मोजायला शंभर कड्यांची एक साखळी ठरवली, तिची लांबी ६६ फूट. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब तुकडा म्हणजे बरोबर एक एकर. पिच म्हणजे ती एक साखळी. आता पिचची अर्धी लांबी घ्या, ३३ फूट. तेवढ्या बाजूचा चौकोन आखा. ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. हाच तुमचा गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हिशेब तंतोतंत जुळतो, कारण तो जुळवूनच ठरवलेला आहे.

मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून जी मोजणी सुरू केली, तिची साखळी ३३ फुटांची होती आणि ती शंभर कड्यांत न वाटता सोळा आण्यांत वाटलेली होती. एक आणा म्हणजे २४.७५ इंच, दोन फुटांहून पाऊण इंच जास्त. रुपयाला सोळा आणे, साखळीला सोळा आणे, गुंठ्यालाही सोळा आणे. शेतकऱ्याला आणि मोजणाऱ्या कारकुनाला नवं काही शिकावं लागू नये, एवढाच त्यामागचा विचार, आणि तो फार शहाणपणाचा होता. वऱ्हाडात १८६० च्या दशकात मोजणी झाली ती याच पद्धतीनं. १ एप्रिल १९५७ ला नाण्यातला आणा गेला. पिकाची 'आणेवारी' मात्र लोकांच्या तोंडी राहिली. आज सरकारी कागदावर पैसेवारी असते आणि ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळाची चर्चा सुरू होते.

या साखळीची खरी गंमत आकडेमोडीत आहे. वावराच्या मधून एक लांब रेघ टाकायची, तिला शंकूनं (काटकोन साधायच्या साधनानं) काटकोन साधून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत लंब काढायचे. वावर त्रिकोणांत आणि पट्ट्यांत वाटलं जातं. हे आकडे साखळी-आण्यांत जिथं लिहिले ते टिपण. समजा एका त्रिकोणाचा पाया २० साखळ्या आणि लंब १० साखळ्या. गुणाकार २००, निम्मे १००. झालं, १०० गुंठे, म्हणजे २ एकर २० गुंठे. फुटांचे चौरस फूट, चौरस फुटांचे एकर, अशी एकही पायरी नाही. भूमि अभिलेख कार्यालयात 'गुणाकार बुक' नावाची जी जुनी वही आहे, तिचं नाव यावरूनच. क्षेत्र काढणं म्हणजे तिथं फक्त गुणाकार करणं.

घरच्या घरी ताळा पाहायचा असेल तर असं करा. ३३ फूट दोरी घ्या, चार वेळा दुमडा, प्रत्येक दुमडीचे पुन्हा चार भाग करा. सोळा आणे तयार. काटकोनाला यंत्र लागत नाही. एका खुंटीपासून १२ आणे एका दिशेला, १६ आणे दुसऱ्या दिशेला, आणि दोन टोकांमधलं अंतर २० आणे भरलं की कोपरा काटकोनात आला. गुंठा आखून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकी ४६ फूट ८ इंच भरले पाहिजेत. चारही बाजू ३३ असून एक कर्ण ५० आणि दुसरा ४३ आला तर आकार तिरका झाला आहे आणि क्षेत्र गुंठ्याहून कमी आहे. चारी बाजू बरोबर म्हणजे क्षेत्र बरोबर, असं धरून चालणारे लोक प्लॉटच्या व्यवहारात इथंच फसतात.

दोरी नायलॉनची नको, ओढली की वाढते. सुताची ओली झाली की आखडते. उतारावर दोरी जमिनीला टेकवून मोजू नका. ३३ फुटांत ५ फूट चढ असेल तर आडवं अंतर ३२ फूट साडेसात इंच भरतं. दर साखळीला साडेचार इंचांची ही चूक क्षेत्र नेहमी फुगवून दाखवते. अशा जागी दोरी आडवी ताणून, टोकाला ओळंबा सोडून टप्प्याटप्प्यानं उतरायचं.

लोखंडी साखळीचा आजार वेगळा. प्रत्येक कडी दुसरीवर घासते, भोकं झिजतात आणि साखळी लांबते. ३३ फुटांत एक इंच लांबलेली साखळी हातात घेऊन कुणी खरं १० एकराचं वावर मोजलं, तर कागदावर दोन गुंठे कमी येतील. लांबलेल्या साखळीनं क्षेत्र घटतं, वाढत नाही. हे बहुतेकांना उलटं वाटतं, पण माप मोठं झालं की ते कमी वेळा बसतं, इतकं साधं आहे.

आपल्या काळ्या मातीचा एक दोष याला जोडून. भरड जमिनीत रोवलेला हद्दीचा दगड पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. काळी मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दगड कलतो, खचतो, कधी नांगराला लागून उखडतो आणि 'इथंच होता' म्हणून दुसरीकडे उभा राहतो. धुरा दर वर्षी वीतभर इकडं-तिकडं नांगरला जातो. दीड फूट धुरा ६६० फूट लांबीवर सरकला तर ९९० चौरस फूट गेले, जवळजवळ एक गुंठा. म्हणून भांडण धुऱ्यावरून न सोडवता टिपणावरून सोडवायचं असतं. गावातले ठाम असलेले खुणेचे बिंदू धरून, विहीर, पांदणीचं वळण, तीन वावरांचा जुना दगड, आधी ते नकाशाशी जुळवायचे आणि मग वादातला धुरा शोधायचा. आता रोव्हर यंत्र उपग्रहावरून जागा अगदी बारीक दाखवतं. पण जुनी हद्द कुठं होती हे उपग्रहाला माहीत नसतं, ते टिपणालाच माहीत असतं.

आता वर्धा नदी ओलांडा. इथं ज्या चुका होतात त्या साखळीच्या चुकीपेक्षा कितीतरी महागात पडतात.

अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ हा वऱ्हाडचा भाग. तिथल्या जुन्या कागदावर '२-२०' असेल तर ते २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर. नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडच्या जुन्या कागदावर '२.२०' असेल तर ते २ एकर २० डिसमिल. डिसमिल हा एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. वीस डिसमिल म्हणजे आठ गुंठे. एकाच दिसणाऱ्या आकड्यात बारा गुंठ्यांचा फरक! गुंटरच्या शंभर कड्यांच्या साखळीला डिसमिल चपखल बसतो (एक डिसमिल म्हणजे हजार चौरस कड्या), सोळा आण्यांच्या साखळीला गुंठा. एका नदीच्या दोन काठांवर दोन हिशेब. कागद वाचताना आधी गाव कोणत्या काठाचं ते पाहा, मग आकड्याला हात घाला. आणखी एक ताळा: टिंबाच्या किंवा आडव्या रेघेच्या पुढचा आकडा कुठल्याही ओळीत ४० किंवा त्याहून मोठा दिसला की ते गुंठे असूच शकत नाहीत. एका ओळीवर निकाल देऊ नका, पूर्ण पान पाहा.

नदी हद्द कशी झाली? २९ नोव्हेंबर १८०३ ला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रजांनी नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, १५ डिसेंबरला मेळघाटच्या तोंडावरचा गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला आणि इंग्रजांनी तो निजामाला दिला. १८२२ च्या तहात उरलेसुरले तुकडे अदलाबदल करून वर्धा ही सरळ हद्द झाली. १८५३ मध्ये निजामाच्या देण्यापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि तिथं रयतवारी लागली, प्रत्येक शेतकऱ्याचं नाव थेट सरकारदरबारी. त्याच वर्षी नागपूरचे तिसरे रघूजी वारले, पुढच्या वर्षी नागपूर राज्य खालसा झालं आणि तिकडं मालगुजारी आली. गाव मालगुजाराचं, बाकीचे कुळं. १९०२ मध्ये वऱ्हाड सालीना २५ लाख रुपये भाड्यानं कायमचा इंग्रजांकडे गेला. मालकी कागदोपत्री निजामाचीच राहिली, इतकी की १९३६ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. साऱ्या वऱ्हाडाचा भाडेपट्टा झाला होता, हे आज वऱ्हाडातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

या दोन वेगळ्या बंदोबस्तांची भाषा अजून जिवंत आहे. वऱ्हाडात गुरं चरायची सरकारी जमीन 'ई-क्लास'. वर्धेच्या पूर्वेला हा शब्द कुणी बोलत नाही. तिथं निस्तार हक्क (सरपण, चराईसारखे गावकऱ्यांचे हक्क) आणि 'झुडपी जंगल'. झुडपी जंगल हे वन की महसुली जमीन, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये ते वनच धरलं गेलं. मालगुजारी तलाव पूर्वेला आहेत, वऱ्हाडात 'मालगुजारी' हा शब्दच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा भागाची तर तिसरीच तऱ्हा: तो १९५६ पर्यंत हैदराबादकडे होता, त्यामुळे जुनी नोंद शोधणाऱ्यानं हैदराबादी पद्धतीचे कागद धरायला हवेत. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या कारभारातून आलेली १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी विदर्भात महत्त्वाची का, तेही यावरून कळतं: १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, त्याच्या तोंडावर लिहिलेलं हे दप्तर आहे. नागपूर-भंडाऱ्याकडे तर मालगुजारी १९५१ मध्ये संपल्यावर कोणतं वावर कुणाच्या नावावर राहिलं, हे ते सांगतं.

अडगाव आणि गाविलगड जिंकणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढं वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्याच्या ३३ व्या पलटणीत विल्यम लॅम्टन नावाचा एक अधिकारी होता. (३३ वी पलटण आणि ३३ फुटी साखळी यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. अशा योगायोगातूनच खोटे किस्से तयार होतात, म्हणून आधीच सांगितलं.) १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत रात्री चाललेली तुकडी चुकून टिपूच्या छावणीकडे निघाली होती, ती दक्षिणेऐवजी उत्तरेला जाते आहे हे लॅम्टननं ताऱ्यांवरून ओळखलं.

या लॅम्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची एक रेघ मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. तत्त्व वावराच्या मोजणीचंच. एक बाजू साखळीनं अत्यंत काळजीपूर्वक मोजा, दोन्ही टोकांवरून तिसऱ्या खुणेचा कोन घ्या, बाकीच्या बाजू गणितानं निघतात. मग नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण. डोंगर, नदी, जंगल मध्ये आलं तरी अडत नाही, फक्त पलीकडचं दिसलं पाहिजे.

त्याची साखळी १०० फुटांची, पोलादी, अडीच-अडीच फुटांच्या ४० दांड्यांची. ती मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून १७९३ च्या मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर गेली होती. बादशहाला तिचं काही वाटलं नाही, म्हणून वकिलातीतल्या दिनविडी नावाच्या शास्त्रज्ञाकडे ती राहिली, त्याच्याबरोबर कलकत्त्याला आली आणि तिथून लॅम्टनच्या हाती पडली. कोन मोजायचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तो विलायतेहून येताना जहाजच फ्रेंचांनी पकडलं आणि मॉरिशसला नेलं. पण यंत्र कशासाठी आहे हे कळल्यावर शत्रू असूनही त्यांनी ते सन्मानानं पाठवून दिलं. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर निसटला, यंत्र देवळाच्या भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकलं. लॅम्टन तंबूत शिरला आणि सहा आठवडे वाकलेलं वर्तुळ हातानं थोडं थोडं ओढून पूर्ववत करत बसला. मोजणीचं काम करणाऱ्यानं हा प्रसंग विसरू नये. यंत्र पडलं म्हणून काम थांबलं नाही, आणि पडलेलं यंत्र तसंच वापरलंही नाही.

साखळी तो लाकडी पेट्यांत ठेवून मोजायचा, प्रत्येक पेटीत तापमापक. कारण पोलाद तापलं की लांबतं. ३३ फुटांच्या साखळीत पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तरी वाढ साधारण साडेतीन मिलिमीटर, वावराला ती चालून जाते. तोच फरक साडेसात मैलांवर धरला तर चौदा फूट! आणि पहिल्याच रेघेतले चौदा फूट पुढच्या प्रत्येक त्रिकोणात वाढत जातात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात, उन्हातलं लोखंड हाती धरवत नाही. पोलादी टेपनं लांब अंतर मोजायचं तर सकाळी लवकर मोजा आणि परतीचं मोजमापही त्याच वेळेला घ्या. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोजून फरक का आला म्हणून डोकं धरू नका.

दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेला सरकत सरकत ही मोजणी वऱ्हाडात आली. इंग्रजी कागदांत 'टाकल खेरा' म्हणून येणारं ठिकाण, आपल्या बोलीत टाकरखेडा, हे तिच्या मुख्य ठाण्यांपैकी एक. लॅम्टन हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता, वय झालेलं, खोकल्यानं पोखरलेला. २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटच्या मुक्कामी तो गेला आणि तिथंच त्याला पुरलं. ज्या वर्धेच्या खोऱ्याची वाटणी त्याच्या जुन्या सेनापतीनं वीस वर्षांपूर्वी केली होती, त्याच खोऱ्यात. पुढचं काम त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टनं चालवलं; १८६५ मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला त्याचं नाव मिळालं. लॅम्टनच्या नावाचं शिखर नाही. हिंगणघाट म्हटलं की आपल्याला कापूस आठवतो, आणि तो आठवावाच, पण अख्ख्या देशाच्या नकाशाचा पाया घालणारा माणूस या गावच्या मातीत आहे हे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असलं पाहिजे.

जुने कागद हाती असतील तर सालाचा घोळ होतो, त्याबद्दल थोडं. निजामी काळातल्या वऱ्हाडी कागदावर फसली साल, म्हणजे पिकाच्या हंगामावर बेतलेलं महसुली साल, असतं. दख्खनी फसलीत ५९० मिळवा. फसली १२५० म्हणजे १८४०-४१. उत्तरेकडच्या फसलीला मात्र ५९२-५९३ मिळवावे लागतात, आणि पुस्तकातून किंवा मोबाइलवरून तो आकडा उचलला तर दोन वर्षं चुकतात. मराठी अमलातल्या मोडी कागदावर याहून अजब गोष्ट दिसते: भाषा मराठी, लिपी मोडी, आणि साल अरबी शब्दांत! 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७६. हे सुहूर सन. यात ५९९ मिळवले की १७७५-७६. हे साल सुरू होतं मृग लागतो त्या दिवशी, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. अंक अरबी असले तरी वर्ष आपल्या पेरणीबरोबर उघडतं, कारण सारा पिकावर होता आणि चांद्र हिजरी वर्ष दरसाल अकरा दिवसांनी मागं सरकतं, पिकाशी त्याचा मेळ बसत नाही. जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेला ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे, हे विसरलं की एक वर्ष चुकतं.

आता शेवटी हेक्टर-आर. सातबाऱ्यावर आर असतो, बोलण्यात गुंठा, आणि दोन्ही एकच असं समजून व्यवहार होतात. एक आर १०७६ चौरस फूट, गुंठा १०८९. प्रत्येक गुंठ्यामागं तेरा चौरस फूट कमी. दहा एकर म्हणजे ४०० गुंठे, पण ४ हेक्टर ५ आर भरतात, ४ हेक्टर नव्हे. एक हेक्टर म्हणजे २ एकर आणि जवळजवळ १९ गुंठे. इसारपावती करताना क्षेत्र गुंठ्यांत आणि आरांत दोन्ही लिहा आणि एकमेकांशी ताडून पाहा.

आणि ज्या मीटरवर हा हेक्टर उभा आहे, तोही मुळात शेतमोजणीसारख्याच त्रिकोणांतून आला. १७९२ पासून सहा वर्षं देलांब्र आणि मेशँ या दोन फ्रेंच खगोलज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना त्रिकोण रचले, आणि उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून १७९९ मध्ये मीटर ठरला. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे याचा अंदाज थोडा चुकला, आणि मीटर ठरवायचा होता त्याहून ०.२ मिलिमीटरनं आखूड राहिला. तो अंदाज बरोबर आला असता तर आजचं प्रत्येक हेक्टर सुमारे ४ चौरस मीटर मोठं भरलं असतं.